पाठभेदाचे नाट्य : टाउन हॉलमधील पानिपत

मराठी विज्ञानकथेविषयी जे समीक्षालेखन झाले, त्यात दोन प्रश्न पुनःपुन्हा विचारले गेले आहेत. कथेतील विज्ञान कितपत बिनचूक आहे, हा पहिला. आणि त्या विज्ञानापायी कथेचे ललितत्व हरपले आहे काय, हा दुसरा. दोन्ही प्रश्न आपापल्या जागी योग्यच आहेत. परंतु त्यांच्या धांदलीत एक साधा प्रश्न विचारायचा राहून गेला. ही कथा घडते कोठे? प्रयोगशाळा, वेधशाळा, अवकाशयान, फार तर एखाद्या विक्षिप्त शास्त्रज्ञाचा बंगला, अशी विज्ञानकथेची ठरावीक स्थळे आपण गृहीत धरतो. जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेतील कसोटीचा प्रसंग मात्र यांपैकी कोठेही घडत नाही. तो घडतो मुंबईच्या टाउन हॉलमधील एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात, वाचकाच्या टेबलापाशी, पुस्तके चाळता चाळता. तेथे कोणी धावत नाही की कोणी कोणावर शस्त्र उगारत नाही. एक वयस्क इतिहासाचा प्राध्यापक वाचत बसलेला आहे, एवढेच बाह्य दृश्य. तरीही मराठी विज्ञानकथेतील अत्यंत ताणलेल्या प्रसंगांत त्याची गणना करावी लागेल. हा ताण कशातून उत्पन्न होतो आणि त्यामागे मराठी ज्ञानव्यवहाराचा कोणता इतिहास उभा आहे, याचा शोध येथे घ्यावयाचा आहे. हा शोध नागपुरात बसून घेतला जात आहे, ही गोष्टही विषयाला अगदीच असंबद्ध नाही. तिच्याकडे पुढे यावे लागेल.

नारळीकरांचा कथालेखक म्हणून प्रवेश कसा झाला, ते सर्वश्रुत आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ सालच्या स्पर्धेसाठी त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले. पुढे १९७९ साली मौज प्रकाशनाने 'यक्षांची देणगी' हा संग्रह काढला. गंगाधरपंतांची कथा याच संग्रहातली. तिचे इंग्रजी रूप 'द अ‍ॅडव्हेंचर' या नावाने राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन परिषदेच्या अकरावीच्या 'हॉर्नबिल' या पाठ्यपुस्तकात गेले. त्यामुळे मराठीचा गंधही नसलेल्या मुलांना भाऊसाहेबांची बखर हे नाव ठाऊक झाले. विज्ञानप्रसारासाठी लिहिलेल्या कथेने बखरवाङ्मयाचाही असा प्रसार करावा, हा योगायोग मोठा मौजेचा आहे.

कथेचा सांगाडा थोडक्यात असा. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे यांनी ९९९ सभांचे अध्यक्षस्थान भूषविले आहे. पानिपतचा निकाल उलटा लागला असता तर पुढे काय झाले असते, या विचारात ते असताना त्यांना अपघात होतो आणि ते एका वेगळ्याच हिंदुस्थानात जाऊन पोचतात. तेथे पुण्याहून मुंबईला जिजामाता एक्सप्रेस धावते, आणि मुंबईत अद्याप ईस्ट इंडिया कंपनीचा झेंडा फडकतो आहे. मुलाच्या कचेरीत चौकशी केली तर त्या नावाचा कोणी तेथे नाही. आता हा माणूस काय करतो? पोलिसात जात नाही, परिचितांची दारे ठोठावत नाही. तो टाउन हॉलकडे वळतो, ग्रंथालयात शिरतो आणि इतिहासाची पुस्तके मागवतो. त्यांत त्याने स्वतः लिहिलेले पाच खंडही असतात. मला ही कृती नेहमीच विलक्षण वाटत आली आहे. ज्याचे जग हरवले आहे असा मनुष्य ते शोधायला ग्रंथालयात जातो, ही कल्पना सुचण्यासाठी ग्रंथालय हे ज्याचे खरे घर आहे असा नायक असावा लागतो, आणि तशा घराची ओळख असलेला लेखकही.

पुढील वाचनाचा तपशील पाहण्यासारखा आहे. पहिला खंड अशोकापर्यंत, चौथा औरंगजेबाच्या मृत्यूपर्यंत. चारही खंडांत सर्व काही जसेच्या तसे. म्हणजे बदल पाचव्यात. तो खंड गंगाधरपंत दोन्ही टोकांकडून आत आत वाचत येतात आणि जेथे इतिहासाने वेगळे वळण घेतले त्या नेमक्या क्षणाशी पोचतात. तो क्षण म्हणजे १४ जानेवारी १७६१. या इतिहासात पानिपत मराठ्यांनी जिंकले आहे. कसे जिंकले, याचा उलगडा खंडात नाही. तो त्यांना भाऊसाहेबांच्या बखरीत सापडतो. विश्वासरावांना लागावयाची गोळी कानाजवळून गेली. अंतर अगदी तीळभर. दिवस संपतो, ग्रंथालय बंद होण्याची वेळ होते, ग्रंथपाल अदबीने आठवण करून देतो. आणि गंगाधरपंत टिपणांबरोबर बखरीची प्रतही नकळत खिशात घालून बाहेर पडतात.

दोन्ही टोकांकडून वाचत मधल्या फरकाशी पोचणे ही रहस्यकथेची युक्ती नव्हे. ती संहिताचिकित्सकाची पद्धती आहे. दोन हस्तलिखिते समोर ठेवायची, जेथवर ती जुळतात तेथवर जायचे, जेथे फुटतात तेथे थांबायचे आणि त्या पाठभेदाचे कारण शोधायचे, हा या शास्त्राचा रोजचा परिपाठ. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ साली सुरू होऊन १९६६ साली पुरी झाली, ती हेच काम करीत. नारळीकरांनी केले ते एवढेच, की पाठभेद कागदावरून उचलून सृष्टीत नेऊन ठेवला. दोन संहितांऐवजी दोन जगे. आणि त्यांच्यातील फरक एका बखरीतील एका वाक्याचा. तीळभर अंतर हे एकाच वेळी बंदुकीच्या गोळीचेही आहे आणि लेखनिकाच्या लेखणीचेही. कथेतील ताणाचे उगमस्थान हेच आहे. अगदी ओळखीच्या खोलीत, ओळखीच्या टेबलावर, स्वतःच्याच पुस्तकात आपण न लिहिलेले वाक्य छापलेले दिसणे, यासारखे भय अभ्यासकाला दुसरे नाही.

पाश्चात्त्य विज्ञानसाहित्याशी तुलना केल्यास या प्रसंगाचे वेगळेपण अधिक स्पष्ट होते. स्तानिस्लाव लेम यांच्या 'सोलारिस' (१९६१) या कादंबरीत अवकाशस्थानकावर एक खिडकी नसलेले ग्रंथालय आहे. त्या अगम्य महासागराविषयी पिढ्यान् पिढ्या लिहिले गेलेले ग्रंथ तेथे ओळीने लावले आहेत, नायक ते वाचतो, आणि वाचून हाती काही लागत नाही. तारकोव्हस्कीने १९७२ साली या कादंबरीवर चित्रपट केला, तेव्हा हेच ग्रंथालय त्याने जुन्या लाकडाचे, मेणबत्त्यांचे, भिंतीवर ब्रॉयगेलची चित्रे असलेले असे ऊबदार केले. पृथ्वीवरची सारी आठवण जणू त्या एका खोलीत आणून ठेवली. पुढे स्थानक काही क्षण भारहीन होते तेव्हा माणसे आणि वस्तू त्याच खोलीत तरंगू लागतात. एच. जी. वेल्सच्या कालप्रवाशाला (१८९५) दूर भविष्यातील हिरव्या चिनी मातीच्या प्रासादात पुस्तकांची केवळ कुजलेली लक्तरे आढळतात. लेम, तारकोव्हस्की आणि वेल्स या तिघांकडे ग्रंथालय हे मानवी ज्ञानाच्या मर्यादेचे चिन्ह आहे. गंगाधरपंतांच्या कथेत याच्या नेमके उलट घडते. प्रश्न घेऊन माणूस ग्रंथालयात जातो आणि ग्रंथालय उत्तर देते, तेही एका दिवसात, कामकाजाच्या वेळेत! हा विश्वास भाबडा म्हणावा की एका विशिष्ट परंपरेचा वारसा म्हणावा? मला दुसरा पर्याय अधिक सयुक्तिक वाटतो. अमेरिकन लेखक वॉर्ड मूर याच्या 'ब्रिंग द जुबिली' (१९५३) या कादंबरीतही एक इतिहासकार आहे. गेटिसबर्गची लढाई डोळ्यांनी पाहायला तो भूतकाळात जातो आणि केवळ त्याच्या उपस्थितीने लढाईचा निकाल फिरतो. मूरचा इतिहासकार रणभूमीवर जातो, नारळीकरांचा ग्रंथालयात. पानिपत पाहण्याची संधी मिळाली असती तरी गंगाधरपंतांनी आधी साधने मागवली असती, अशी मला दाट शंका आहे.

पुरावा हाही असाच. वेल्सचा कालप्रवासी खिशात दोन अनोळखी फुले घेऊन परततो. गंगाधरपंत परततात तेव्हा त्यांच्या खिशात असते बखरीचे एक फाटके पान. आझाद मैदानावरील सभेत रिकामी खुर्ची दिसताच ते सवयीने अध्यक्ष होऊ पाहतात, जमाव त्यांना उचलून फेकतो आणि ते आपल्या जगात येऊन पडतात. पुस्तक मागेच राहते. फूल हा निसर्गाचा पुरावा, पान हा दप्तराचा. राजेंद्र देशपांडे हा शास्त्रज्ञ मित्रही पुंजवादातील अनिश्चितता आणि आपत्ती-सिद्धान्त यांच्या आधारे जे स्पष्टीकरण देतो, ते हे पान पाहिल्यानंतरच. तोपर्यंत तो सारा अनुभव भ्रम मानायला तयार असतो. अस्सल कागदावाचून बोलू नये हा मराठी इतिहाससंशोधनाचा दंडक एका विज्ञानकथेत पदार्थवैज्ञानिकाने पाळावा, यातील सूचकता अर्थपूर्ण आहे.

आता ग्रंथालयाच्या निवडीविषयी. गंगाधरपंत पुण्याचे. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, ७ जुलै १९१० रोजी राजवाडे आणि मेहेंदळे यांनी स्थापिलेले. पानिपतविषयी शंका असलेल्या माणसाने तेथे न जाता मुंबईला का जावे? कथानकाची सोय हे एक उत्तर झाले. माझ्या मते त्याहून खोल असे एक कारण कथेच्या रचनेत दडलेले आहे. एशियाटिक सोसायटीचा उगम १८०४ साली जेम्स मॅकिन्टॉश यांनी मुंबईत स्थापिलेल्या साहित्य-सभेत आहे. टाउन हॉलची इमारत १८३३ साली पुरी झाली. संस्था कंपनीच्या शहराची, इमारत कंपनीच्या काळाची. कथेतील पर्यायी इतिहासात इंग्रज हिंदुस्थानचे स्वामी झाले नाहीत, तरी मुंबई तेवढी त्यांच्याकडे राहिली. म्हणून टाउन हॉल दोन्ही इतिहासांत उभा राहू शकतो. भारत इतिहास संशोधक मंडळाचे तसे नाही. राजवाडे गावोगाव हिंडून दप्तरे गोळा करीत, त्यामागे राज्य गेल्याची जाणीव होती. पानिपत जिंकलेल्या, राज्य न गेलेल्या महाराष्ट्रात राजवाडे कशासाठी हिंडले असते? पराभवातून जन्मलेले ग्रंथालय विजयाच्या इतिहासात असणारच नाही. लेखकाने हे जाणूनबुजून योजले असेल किंवा नसेल. कथेच्या तर्काने ते योजून घेतले आहे.

याच जागी कथेतील एक अडचण समोर येते, आणि ती बखरीची आहे. भाऊसाहेबांची बखर कृष्णाजी शामराव याच्या नावावर सांगितली जाते. काशिनाथ नारायण साने प्रभृतींनी १८७८ साली 'काव्येतिहाससंग्रह' सुरू केला, तेव्हापासून अशा बखरी छापील स्वरूपात वाचकांपुढे आल्या आणि एका पिढीने त्या आवडीने वाचल्या. मग १८९८ साली राजवाड्यांचा 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड निघाला. त्यातील पत्रे नेमकी १७५० ते १७६१ या काळातली, म्हणजे पानिपतपर्यंतच्या दशकातली. प्रस्तावनेत राजवाड्यांनी पत्रांच्या कसोटीवर बखरी घासून पाहिल्या आणि पुरावा म्हणून त्यांची किंमत किती अल्प आहे ते दाखवले. मराठी इतिहासलेखनाचे आधुनिकत्व त्या प्रस्तावनेपासून मोजले तर ते वावगे होणार नाही. पुढे त्र्यंबक शंकर शेजवलकरांनी पानिपतावर इंग्रजीत १९४६ साली आणि मराठीत १९६१ साली ग्रंथ लिहिले. त्यांत भूगोल, रसद, राजकारण यांची चर्चा आहे. दिल्लीच्या उत्तरेला कोंडलेली छावणी, गोविंदपंत बुंदेल्यांच्या मृत्यूनंतर तुटलेली रसद, उपासमार, बरोबरचा बुणग्यांचा आणि यात्रेकरूंचा लोंढा, मित्र म्हणवणाऱ्यांची तटस्थता, या साऱ्यांतून त्या दिवसाचा निकाल आकार घेत आला होता. विश्वासराव पडले, भाऊ हत्तीवरून उतरून गर्दीत दिसेनासे झाले आणि फौजेचा धीर सुटला, हे खरेच; पण ते अखेरचे निमित्त. शंभर वर्षांच्या संशोधनाने निमित्त आणि कारण यांत जो भेद केला, तो कथा एका गोळीने पुसून टाकते.

नारळीकरांना याची जाणीव नव्हती असे मुळीच नाही. गंगाधरपंत बखरींवर क्वचितच विसंबतात, रंगवलेल्या वर्णनात कधी सत्याचा कण सापडतो म्हणून त्या वाचतात, असे कथेतच नोंदवलेले आहे. म्हणजे नायक राजवाड्यांचा वारसदार आहे. कथा मात्र बखरकाराची वारसदार आहे. दोन जगांच्या फाट्यावर लेखकाला एक क्षण हवा होता, आणि क्षण देण्याची ताकद बखरीत असते, पत्रव्यवहारात नसते. रसदीच्या तुटवड्यावर आपत्ती-सिद्धान्त बसवता येत नाही. गोळीवर बसवता येतो. विज्ञानाने येथे इतिहासाच्या त्याच प्रकाराशी हातमिळवणी केली, ज्याला विज्ञानाच्याच नावाने आपण हद्दपार केले होते. कथेवरचा आक्षेप म्हणून मी हे मांडत नाही. परंतु 'विज्ञाननिष्ठ कथा' म्हणून तिचे जे सरसकट कौतुक होते, त्यात ही गुंतागुंत हरवते.

नागपूरच्या वाचकाला ही गुंतागुंत इतरांहून थोडी अधिक जाणवावी, असे मला वाटते. १४ जानेवारी १७६१ रोजी नागपूरकर भोसल्यांची फौज पानिपतच्या मैदानावर नव्हती. पहिले रघूजी १७५५ साली वारले. मागे जानोजी आणि मुधोजी यांच्यात वारसाचा तंटा लागला. त्याआधी १७४३च्या सुमारास बंगालच्या हक्कावरून खुद्द पेशवे आणि रघूजी यांची फौज समोरासमोर आली होती; आणि पानिपतनंतर तीन वर्षांच्या आत जानोजी आधी निजामाकडे आणि मग राक्षसभुवनच्या वेळी पेशव्यांकडे, असे दोन्ही बाजूंना होऊन गेले. ही घरातली फाटाफूट विश्वासरावांच्या कानाजवळून जाणाऱ्या गोळीने कशी मिटली असती? पाचव्या खंडातील त्या विजयी साम्राज्यात नागपूरचे स्थान काय, हा प्रश्न पुणे-मुंबईच्या मार्गावर घडणाऱ्या कथेला पडत नाही. तो पडावा अशी सक्ती नाही. पण पर्यायी इतिहासालाही आपली राजधानी असते, हे ध्यानात घ्यायला हवे.

ग्रंथालयाचा मुद्दा घेतला तर भेद आणखी तीव्र होतो. तिसरे रघूजी १८५३च्या डिसेंबरात वारले, १८५४ साली राज्य खालसा झाले आणि भोसल्यांचे जडजवाहीर कलकत्त्याच्या लिलावात गेले. महालातील राजवाडा १८६४ साली जळाला. भव्य नगारखाना तेवढा उरला. त्यानंतर नागपूरच्या इतिहासकाराने बसायचे कोठे? यादव माधव काळे यांनी 'नागपूर प्रांताचा इतिहास' १९३४ साली सिद्ध केला, तो विखुरलेल्या साधनांतून. काशीराव राजेश्वर गुप्ते यांची नागपूरकर भोसल्यांची बखर त्यांनीच संपादित केली. पुढे १९५० पासून एच. एन. सिन्हा यांच्या संपादनाखाली नागपूर रेसिडेन्सीची कागदपत्रे छापली गेली. भोसल्यांच्या दरबारात काय चालले होते ते जाणून घ्यायला आपल्याला पुष्कळदा त्या दरबाराबाहेर बसलेल्या रेसिडेंटचा मजकूर उलगडावा लागतो. गंगाधरपंतांना ओळखीचे ग्रंथालय मिळते आणि त्यात अनोळखी इतिहास. आपल्याकडे इतिहास ओळखीचा, पण तो ठेवलेला असतो परक्याच्या कपाटात.

पाठभेदाचे नाट्य मात्र विदर्भाला परके नाही. म्हाइंभटांनी ऋद्धिपुरी सिद्ध केलेल्या लीळाचरित्राची मूळ प्रत खिलजीच्या स्वारीच्या धामधुमीत गेली आणि महानुभावांनी ते पुन्हा स्मरणातून उभे केले. हिराइसेला पाठ असलेल्या लीळा हा त्याचा एक आधार. त्यातून वेगवेगळे पाठ निर्माण झाले आणि ते सांकेतिक लिपींत शतकानुशतके जपले गेले. ह. ना. नेने यांनी १९३०च्या दशकात नागपुरातून लीळाचरित्र छापले, वि. भि. कोलत्यांची आवृत्ती १९७८ साली, म्हणजे 'यक्षांची देणगी'च्या आदल्या वर्षी, प्रसिद्ध झाली. एका चरित्रनायकाचे अनेक पाठ, प्रत्येक पाठाचे अनुयायी, आणि मूळ प्रत कायमची गेलेली. या संपादकांच्या टेबलावर जे घडत होते ते कोणत्याही कल्पितापेक्षा कमी ताणाचे नव्हते. त्यांना एक सोय मात्र कधी मिळाली नाही. गंगाधरपंतांजवळ मूळ जगातील छापील प्रत पडताळ्यासाठी उपलब्ध आहे: ते फाटके पान तिच्याशी ताडून पाहता येते, एका प्रतीत गोळी लागते, दुसरीत लागत नाही. नेने-कोलत्यांच्या पुढ्यात होते ते सारे पाठ दुसऱ्याच प्रकारचे. ज्याच्याशी ताडावे ते जग उरलेले नव्हते.

नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात निवर्तले. त्यानंतर त्यांच्यावर जे लिहिले गेले त्यात विश्वरचनाशास्त्र होते, आयुका होती, अंधश्रद्धांविरुद्धचा त्यांचा आग्रह होता. गंगाधरपंत त्यात मला फारसे दिसले नाहीत. कथा पुन्हा वाचताना या खेपेस माझे लक्ष एका गोष्टीवर अडले, आणि ती कथेत कोठेही सांगितलेली नाही. आठ वाजता दारे लावणाऱ्या त्या दुसऱ्या टाउन हॉलच्या ग्रंथपालाला सकाळी कपाटात भाऊसाहेबांची बखर सापडली नसणार. ती आझाद मैदानाच्या धुळीत कोणाला मिळाली असेल आणि कोणी परत आणून दिलीच असेल, तरी तिच्यातले एक पान फाटलेले आहे. ज्या पानावर विश्वासराव वाचतात तेच पान. त्या जगातला एखादा अभ्यासक यापुढे ती प्रत मागवील आणि त्या जागी येऊन थांबेल.